डिअरबॉर्नचे पत्र आणि सेवाग्रामचा चरखा

१९९६ साली नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून ‘एस्कॉर्ट’ नावाची नवी मोटार बाहेर पडू लागली. महिंद्र आणि अमेरिकेची फोर्ड या दोन कंपन्यांनी आदल्या वर्षी भागीदारी केली होती, तिचे हे पहिले अपत्य. आम्हा नाशिककरांचे डोळे तोवर जीपगाड्यांच्या चौकोनी तोंडवळ्याला सरावलेले. त्यामुळे निळ्या लंबगोलात वळणदार अक्षरांनी कोरलेले ‘फोर्ड’ हे नाव नजरेत भरत असे. पाहणाऱ्याला वाटावे की, कारखान्याच्या मूळ पुरुषाने आपल्या प्रत्येक गाडीवर स्वतःच्या हाताने सही ठोकली आहे. वस्तुतः ते अक्षर हेन्री फोर्ड यांचे नव्हेच. त्यांचे आरंभीचे सहकारी चाइल्ड हॅरॉल्ड विल्स हे तरुणपणी भेटकार्डे छापून चार पैसे मिळवीत असत. त्या कार्डांसाठी वापरलेल्या अक्षरवळणातून त्यांनी हे नाव रेखाटले, आणि पुढे तेच जगभर फोर्ड यांची सही म्हणून ओळखले गेले.

फोर्ड यांच्या सहीचे एक पत्र मात्र आपल्या मुलुखात येऊन पोहोचले होते. मोटारींशी वा धंद्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तारीख २५ जुलै १९४१. लिहिणाऱ्याचे गाव अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न, आणि ज्यांना लिहिले ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचे रहिवासी मोहनदास करमचंद गांधी. वर्धा तेव्हा मध्यप्रांतात मोडत असे. पत्र अगदी लहान, एका पोस्टकार्डावर सहज मावेल एवढे. श्री. टी. ए. रामन यांच्या हाती निरोप पाठविण्याची संधी मी घेत आहे. आपले जीवन आणि आपला संदेश यांविषयी मला किती मनःपूर्वक आदर वाटतो हे आपणास कळावे. जगाने पाहिलेल्या थोरातल्या थोर पुरुषांपैकी आपण एक आहात. आपल्या उदात्त कार्यात परमेश्वर आपणांस साहाय्य करो आणि मार्ग दाखवो. एवढाच त्याचा आशय. त्याखाली सही.

रामन हे युनायटेड प्रेस ऑफ इंडिया या वृत्तसंस्थेचे लंडनमधील संपादक. अमेरिकेच्या दौऱ्यात ते फोर्ड यांना भेटले. महायुद्ध पेटलेले, टपालावर सेन्सॉरची नजर, समुद्रात पाणबुड्यांचा सुळसुळाट. अशा काळात पत्र माणसाच्या हाती देणे हाच भरवशाचा मार्ग होता. वर्ध्याहून निघालेल्या एका पत्राची गत त्याआधी दोन वर्षे काय झाली होती हे सर्वांना ठाऊक आहे. २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला लिहिलेले, युद्ध टाळण्याची विनवणी करणारे पत्र सरकारने पुढे जाऊच दिले नाही. डिअरबॉर्नचे पत्र मात्र डिसेंबर १९४१ मध्ये गांधीजींच्या हाती पडले. त्याच महिन्यात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिका युद्धात ओढली गेली.

या पत्राचा उल्लेख आपल्याकडे अधूनमधून होतो तो बहुधा अभिमानाने. जगातील सर्वांत धनाढ्य कारखानदाराने आपल्या फकिरापुढे मान लवविली, असा त्याचा सूर असतो. त्यात खोटे काही नाही. परंतु पत्र वाचताना मजकुराइतकीच तारीखही वाचावी. २५ जुलै १९४१ या तारखेच्या आसपास डिअरबॉर्नमध्ये काय चालले होते हे पाहिले, तर त्या चार ओळी तितक्या सरळ राहत नाहीत.

पत्रापूर्वी पाच आठवडे, २० जून १९४१ रोजी, फोर्ड कंपनीने कामगारांच्या युनियनशी पहिला करार केला. अमेरिकेतील मोठ्या मोटार कंपन्यांपैकी अशा करारास सर्वांत शेवटी तयार झालेली कंपनी फोर्डचीच. चार वर्षांपूर्वी, २६ मे १९३७ रोजी, कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटण्यास आलेल्या युनियनच्या पुढाऱ्यांना कंपनीच्या पोसलेल्या माणसांनी रक्तबंबाळ होईपर्यंत मारले होते. वॉल्टर र्‍यूथर या पुढाऱ्याचे त्या दिवशीचे रक्ताळलेले छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर गेले. एप्रिल १९४१ मधील संपाने कारखाना बंद पडला, तरी फोर्ड सही करण्यास राजी नव्हते. अखेर पत्नी क्लारा यांनी, रक्तपात होणार असेल तर मी घर सोडून जाईन, असे निक्षून सांगितले तेव्हा ते वळले, असे त्यांचे निकटचे सहकारी चार्ल्स सोरेन्सन यांनी लिहून ठेवले आहे. अहिंसेच्या पुजाऱ्याला आदराचे पत्र लिहिणारा हात महिन्यापूर्वीच इतक्या नाखुषीने त्या करारावर टेकला होता.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. १९४० च्या जूनमध्ये ब्रिटनसाठी रोल्स-रॉईसची विमान-इंजिने बनविण्याचे काम फोर्ड यांनी ठरत आलेले असताना मोडले. लढणाऱ्या परक्या देशासाठी मी काही करणार नाही, ही त्यांची भूमिका. तथापि १९४१ च्या वसंतात डिअरबॉर्नच्या पश्चिमेस विलो रन येथे त्यांच्याच कंपनीने बॉम्बफेकी विमानांच्या कारखान्याचा पाया खणला. पत्रावर सही झाली त्या जुलैत तेथे भिंती उभ्या राहत होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या एका छपराखालून बी-२४ जातीची साडेआठ हजारांहून अधिक विमाने बाहेर पडली. भर उत्पादनाच्या दिवसांत तासाला एक, या वेगाने.

मग हे पत्र ढोंगाचे होते काय? मला तसे वाटत नाही. ढोंगी माणूस इतका विसंगत नसतो. तो आपल्या विसंगती झाकण्याची काळजी घेतो. फोर्ड यांनी ती कधी घेतली नाही.

हेन्री फोर्ड शेतकऱ्याच्या घरी ३० जुलै १८६३ रोजी जन्मले. शेतीच्या कष्टांचा त्यांना कंटाळा होता आणि शेताचा लळाही. १९०३ साली त्यांनी कंपनी काढली, १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही साधी, दणकट, खेड्यातील चिखलवाटांवरूनही चालेल अशी गाडी आणली. १९१३ मध्ये त्यांच्या हायलंड पार्क कारखान्यात जुळणीची सरकती साखळी सुरू झाली. कामगार गाडीभोवती फिरत असे तो आता एका जागी उभा राहू लागला आणि गाडीच त्याच्यासमोरून सरकू लागली. एक सांगाडा जुळविण्यास पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. ८५० डॉलरची गाडी पुढे ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या खपल्या.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्या घरची माणसे पाळीने कामाला जातात, त्यांना ही साखळी काय चीज आहे हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. एकच बोल्ट, एकाच हाताने, एकाच कोनात, दिवसभर. फोर्ड यांच्या कामगारांना ते असह्य झाले. १९१३ साली सुमारे १४ हजार माणसांचा ताफा टिकवून धरण्यासाठी कंपनीला वर्षभरात ५२ हजारांवर माणसे भरती करावी लागली. येत तितक्या वेगाने ती सोडून जात. त्यावरचा उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर ही जगाला थक्क करणारी मजुरी आणि आठ तासांचा दिवस जाहीर केला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या दाराशी हजारोंची झुंबड उडाली. कामगार स्वतः बनविलेली गाडी विकत घेऊ शकेल, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली. परंतु त्या पाच डॉलरना एक शेपूट होते. कंपनीचे निरीक्षक कामगारांच्या घरी जात. घर स्वच्छ आहे का, नवरा दारू पितो का, बचत करतो का, परके भाडेकरू ठेवले आहेत का, याची वहीत नोंद होई, आणि वाढीव मजुरीचा वाटा त्या नोंदीवर ठरे. आमच्याकडे लग्न जमविताना आत्या-मावश्या जेवढी चौकशी करतात, तेवढी ही मंडळी पगारासाठी करीत.

ज्याने साखळी निर्माण केली त्यालाच पुढे शहरांचा आणि अवाढव्य कारखान्यांचा उबग आला. १९१८ पासून फोर्ड यांनी मिशिगनच्या लहानलहान नद्यांच्या काठी, जुन्या पाणचक्क्यांच्या जागी, छोटे कारखाने उभारण्यास सुरुवात केली. त्यांना ते ग्रामोद्योग असेच म्हणत. नॉर्थव्हिल या गावात इंजिनाचे व्हॉल्व्ह होत. कल्पना अशी की, शेतकऱ्याने हंगामात शेत पाहावे आणि उरलेल्या दिवसांत गावातच, पाण्याच्या शक्तीवर, मोटारीचे सुटे भाग बनवावेत. एक पाय जमिनीवर, एक उद्योगात. अशी सुमारे वीस केंद्रे उभी राहिली. कंपनीच्या हिशेबनिसांना ती कधी परवडली नाहीत. फोर्ड यांच्या हयातीनंतर ती एकेक करून मोडीत निघाली.

ग्रामोद्योग हा शब्द येथे माझ्या पदरचा नाही, आणि म्हणूनच वर्ध्याची आठवण होते. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती, लंडनला हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मुंबईतील चांगली चाललेली सनदी हिशेबनिसाची पेढी मागे टाकून ते तेलघाणी, हातकागद, मधमाशा आणि गूळ यांच्या संसारात रमले. आपल्या समाजात त्यांचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. डिअरबॉर्न आणि मगनवाडी या दोन ठिकाणी, एकमेकांशी काही बोलणे न होता, एकाच दुखण्यावर औषध शोधणे चालू होते. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की डिअरबॉर्नच्या औषधाचा खर्च रोगाच्या नफ्यातून निघत होता.

सारखेपणा इथेच संपत नाही. फोर्ड दारूला शिवत नसत. सिगारेटविरुद्ध त्यांनी १९१४ साली पुस्तिकाच काढली. आहाराचे प्रयोग हा त्यांचा दुसरा छंद, आणि सोयाबीनवर त्यांचा विशेष जीव. सोयाबीनचे दूध, सोयाबीनचे बिस्कीट, सोयाबीनच्या धाग्याचे कापड. सोयाबीन व इतर वनस्पतींपासून काढलेल्या द्रव्याचे पत्रे बसविलेली एक मोटारही त्यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये लोकांपुढे मांडली, म्हणजे गांधीजींना पत्र लिहिल्यावर तीन आठवड्यांच्या आत. इकडे १९३५ साली मगनवाडीच्या भोजनगृहात गांधीजी सहकाऱ्यांच्या ताटात उकडलेले सोयाबीन वाढून त्यांची वजने टिपून घेत होते आणि ‘हरिजन’ पत्रातून त्यावर लिहीत होते. या दोन वृद्धांना समोरासमोर बसविले असते, तर यंत्रयुगावर वाद होण्यापूर्वी तासभर तरी सोयाबीनवर चर्चा झाली असती!

फोर्ड यांच्या शांतिप्रेमालाही जुने मूळ होते. पहिले महायुद्ध थांबवावे म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये त्यांनी ‘ऑस्कर दुसरा’ नावाची बोट भाड्याने घेतली, तीत शांततावादी भरले आणि स्वतः युरोपला निघाले. नॉर्वेत पोहोचताच ते आजारी पडून माघारी फिरले. वर्तमानपत्रांनी मनसोक्त टवाळी केली. बंदुकांसमोर नुसता निरोप घेऊन जाणारा माणूस हास्यास्पद ठरतो, हा अनुभव त्यांनी घेतला होता. मिठाच्या चिमटीने साम्राज्याला हलविणाऱ्या माणसाविषयी त्यांना काय वाटले असेल, हे त्यावरून थोडे उमगते.

परंतु फोर्ड यांच्या सहीविषयी बोलताना एक काळा अध्याय वगळता येत नाही. १९२० पासून त्यांच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या साप्ताहिकाने ज्यू लोकांविरुद्ध विषारी लेखमाला चालविली. जगातील युद्धांपासून धान्याच्या भावांपर्यंत प्रत्येक अनिष्टाचे खापर त्या एका समाजावर फोडले गेले. ती पुढे पुस्तकरूपाने जर्मनीत पोहोचली आणि नाझींच्या हाती पडली. बदनामीचा खटला उभा राहिल्यावर १९२७ साली फोर्ड यांच्या नावे जाहीर माफीपत्र निघाले. त्याचा मसुदा अमेरिकन ज्यू समाजाचे पुढारी व वकील लुई मार्शल यांनी लिहिला होता. खालची सही हॅरी बेनेट यांनी केली, तीही फोर्ड यांच्या सहीची हुबेहूब नक्कल करून. हे स्वतः बेनेट यांनीच पुढे सांगितले. पुलावर युनियनच्या पुढाऱ्यांना मारणारी माणसे याच बेनेट यांच्या हाताखालची. आणि १९३८ साली, पंचाहत्तराव्या वाढदिवशी, हिटलरच्या सरकारने देऊ केलेले मानाचे पदक फोर्ड यांनी स्वीकारले. लोकांनी कितीही सांगितले तरी परत केले नाही. ७ जानेवारी १९४२ रोजी त्यांनी ज्यूद्वेषाचा निषेध करणारे आणखी एक पत्र सहीनिशी दिले, परंतु एव्हाना युरोपात जे व्हायचे ते सुरू झाले होते.

एका समाजाचा द्वेष पसरविणारे छापखान्याचे यंत्र ज्याच्या पैशावर चालले, त्याने सर्वधर्मसमभावाच्या उपासकाला जगातील थोर पुरुष म्हणावे, हे आपल्याला पचण्यास जड जाते. जडच जावे. कुणाच्या तोंडून आपली स्तुती आली याचा हिशेब न ठेवणारा समाज भोळा म्हणावा लागेल. (या घराण्यासंबंधी आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसलेली एक गोष्ट: फोर्ड यांचा नातू, दुसरा हेन्री, जुलै १९४० मध्ये विवाहापूर्वी कॅथलिक झाला. त्याला धर्मशिक्षण दिले ते पुढे नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील प्रवचनांनी विख्यात झालेले फुल्टन शीन यांनी.)

आता सेवाग्रामकडे वळू. गांधीजी यंत्राचे शत्रू होते, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. ती अर्धवट आहे. यंत्राला नव्हे, यंत्राच्या वेडाला आपला विरोध आहे, असे त्यांनी १९२४ मध्येच सांगितले होते, आणि सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी आनंदाने अपवाद केले होते. कारण त्या यंत्रामागे त्यांना बायकोचे कष्ट वाचविणाऱ्या नवऱ्याचे प्रेम दिसले. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचल्या तर एखाद्या कारखान्याच्या आरेखन विभागातून आल्यासारख्या वाटतात. यंत्र हलके असावे, खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालावे, स्त्रीला आठ तास फारसा शीण न होता चालविता यावे, आठ तासांत बारा ते वीस नंबरचे १६ हजार फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी, वीस वर्षे टिकावे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीला एक यंत्र तयार झाले, त्याची परीक्षाही झाली, पण ते सर्व अटींना उतरले नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. फोर्ड यांनी मॉडेल टी आखताना स्वतःपुढे ठेवलेल्या अटी याहून फार वेगळ्या नव्हत्या: साधी, हलकी, टिकाऊ, स्वस्त, शेतकऱ्याला दुरुस्त करता येईल अशी. गांधीजींनी आणखी एक अट घातली होती, यंत्राने माणसाला घराबाहेर काढू नये. सारा झगडा त्या एका अटीचा आहे.

त्याच वर्षांत आपल्या भागाशी निगडित दोन माणसे फोर्ड यांच्या वाटेने जाऊ पाहत होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्यातून अभियांत्रिकीची परीक्षा दिल्यावर १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरली, आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती आमच्या नाशिकला. पन्नास वर्षांनंतर, मैसूरचे दिवाणपद भूषवून झाल्यावर, सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून हिंदुस्थानात संपूर्ण मोटार बनविण्याची योजना १९३६ मध्ये मांडली. ती उचलून धरली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आमच्या जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगावचा माळ लागवडीखाली आणून साखरेचा उद्योग उभारणारे ते हेच वालचंद. रावळगावची गोळी चोखत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे नाव वेगळे सांगायला नको.

वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी त्यांची बोलणी झाली, पण ती एका जुन्या वाटणीपाशी अडली. ब्रिटन वगळता साम्राज्यातील बहुतेक देशांचे हक्क फोर्डच्या कॅनडामधील कंपनीकडे होते. १९२६ पासून मुंबईत त्या कंपनीचा व्यवसाय होता. सुटे भाग बोटीने आणून येथे गाड्या जुळविल्या जात. हिंदी माणसाने हिंदुस्थानात गाडी बनवावी आणि तिचा मालकही तोच असावा, हे त्या वाटणीत बसणारे नव्हते. वालचंदांनी मग क्रायस्लर कंपनीशी करार केला. सरकारने मात्र ना मागणीची हमी दिली, ना संरक्षण. युद्धाच्या घाईत मोटारीचा कारखाना ही चैन ठरविली गेली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना होऊन कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघेपर्यंत स्वातंत्र्याचे वर्ष उजाडले.

म्हणजे पाहा, डिअरबॉर्नहून हिंदुस्थानकडे आदराचा निरोप सुखरूप आला; ज्या परवानगीने येथे चार कामगारांच्या हाताला काम मिळाले असते, ती आली नाही. फोर्ड यांनी हे हेतुपुरस्सर केले असे कोणी म्हणणार नाही. सत्तराव्या वर्षानंतर कंपनीच्या परदेशी वाटण्यांत त्यांचे मन नव्हते; तो कारभार त्यांचा मुलगा एड्सेल पाही. पण मोठ्या माणसाचे मन एकीकडे आणि त्याच्या नावाचे यंत्र दुसरीकडे, हे चित्र ज्यू समाजाच्या बाबतीत दिसले, कामगारांच्या बाबतीत दिसले, आणि आपल्या बाबतीतही दिसते.

गांधीजींनी या पत्राला कसे उत्तर द्यावे? आभाराचे दोन शब्द लिहून ते मोकळे झाले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी एक चरखा पाठविला. घडी घालून नेता येण्याजोगा, प्रवासी चरखा. अशा पेटीतील चरख्याचा विकास १९३० नंतर येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी स्वतः लक्ष घालून केला होता. मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके, आणि मिटला की पेटीच. त्यावर त्यांनी हिंदी आणि इंग्रजी अशी दोन्ही अक्षरांत सही केली. गांधीजींची सही हवी असल्यास हरिजन फंडाला पाच रुपये द्यावे लागत. सभा-संमेलनांत श्रीमंत-गरीब सर्वांना हाच दर असे. फोर्ड यांना ती फुकट मिळाली.

पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून सुमारे बारा हजार मैलांचा प्रवास करून तो चरखा अमेरिकेस पोहोचला आणि रामन यांनी तो ग्रीनफिल्ड व्हिलेज येथे फोर्ड यांच्या स्वाधीन केला. ही जागाही ध्यानात घेण्यासारखी. इतिहास म्हणजे बाष्कळपणा, अशा अर्थाचे उद्गार काढून १९१६ मध्ये जगाचे हसू ओढवून घेणाऱ्या फोर्ड यांनी पुढे कोट्यवधी डॉलर खर्चून जुन्या अमेरिकेचे हे गाव वसविले. एडिसनची प्रयोगशाळा, राइट बंधूंचे सायकलचे दुकान, लोहारशाळा, पिठाच्या चक्क्या, सारे मुळातून उपसून तेथे आणून मांडले. घोडागाडी जगातून हद्दपार करणारा माणूस घोडागाड्या जमवीत बसला होता. त्या गावात सूतकताईची चाके नवी नव्हती. परंतु ती पूर्वजांची, बंद पडलेली. हा चरखा मात्र अजून चालणाऱ्या झगड्यातला होता. आदराला आदराने दिलेले उत्तर त्यात होते, आणि माझ्या मते एक युक्तिवादही. यंत्र कसे असावे, असा आपल्या दोघांपुढचा प्रश्न आहे; माझे उत्तर हे.

निरोप नेणाऱ्या रामन यांची कथा थोडी निराळ्या वळणाने गेली. १९४२ साली अमेरिकेत त्यांनी गांधीजींच्या युद्धविषयक भूमिकेची चिकित्सा करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या ऑगस्टमध्ये गांधीजी मुंबईत पकडले जाऊन पुण्याच्या आगाखान महालात बंदिवान झाले, ते मे १९४४ मध्ये सुटले. त्या महालात त्यांनी आधी महादेवभाईंना आणि मग कस्तुरबांना निरोप दिला. फोर्ड यांचा एकुलता एक मुलगा एड्सेल मे १९४३ मध्ये वारला. विलो रनची विमाने तेव्हा धडाधड बाहेर पडत होती.

७ एप्रिल १९४७ रोजी रात्री हेन्री फोर्ड गेले. त्या दिवशी रूझ नदीला पूर आला होता आणि त्यांच्या वाड्याचे वीजघर बंद पडले होते. ज्यांच्या कारखान्यांच्या दिव्यांनी मिशिगनचे आकाश रात्री उजळत असे, त्यांच्या उशाशी मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे होते. त्यांच्या जन्माच्या वेळी शेतघरात होते तसेच. पुढच्या ३० जानेवारीला दिल्लीत काय घडले ते सांगावयास नको.

फोर्ड कंपनीने १९५० च्या दशकात हिंदुस्थानातील गाशा गुंडाळला. चाळीस वर्षांनंतर ती परतली ती सातपूरला, एस्कॉर्ट घेऊन. येथेही ती फार काळ रमली नाही. चेन्नईजवळ मराईमलाई नगरला तिने स्वतःचा कारखाना बांधला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारी बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. सातपूरच्या कारखान्यातून पुढे स्कॉर्पिओ निघू लागली. एखादी जुनी एस्कॉर्ट आजही कुठे वाड्याच्या बोळात, फाटकी ताडपत्री पांघरून उभी दिसते. पुढचा निळा लंबगोल उन्हाने फिकट होतो, पण विल्स यांच्या छपाईतील ती अक्षरे वाचता येतात.